युरिया सेंद्रिय की असेंद्रिय? ‘ऑर्गॅनिक’च्या मराठीकरणाचे एक प्रकरण

सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब उत्पादक गटाला निर्यातीसाठी सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचे होते. त्यासाठीची प्रशिक्षण पुस्तिका इंग्रजीत होती आणि सभासदांना ती मराठीत हवी होती. गटातल्या एका पदवीधर मुलाने संगणकाकडून मसुदा करून घेतला आणि तपासणीसाठी माझ्याकडे दिला. मसुदा वाईट नव्हता. वाक्ये सरळ होती, शुद्धलेखनही बऱ्यापैकी होते. मात्र जमिनीतल्या नत्राचे (नायट्रोजनचे) प्रकार सांगताना एका पानावर ‘सेंद्रिय नत्र : युरिया’ असे आले होते, आणि प्रमाणपत्रासाठी काय काय वर्ज्य आहे त्या यादीत पहिलेच नाव युरियाचे होते.

मसुद्याचे वाचन झाले तेव्हा एका काकांनी नेमके तेच पकडले. “युरिया सेंद्रिय हाय का न्हाई, एकदा काय ते ठरवा की वो.” सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. प्रमाणपत्राची तपासणी करणारा माणूस शेतावर येतो तेव्हा कोठीत पडलेले युरियाचे एक पोतेही महागात पडू शकते. ‘पुस्तिकेत सेंद्रिय लिहिलंय’ हे उत्तर त्याच्यापुढे चालणार नाही.

गंमत अशी की संगणकाने चूक केलेली नव्हती. मूळ इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘ऑर्गॅनिक’ हाच शब्द होता आणि दोन्ही ठिकाणी तो बरोबर होता. खतांच्या अभ्यासात नत्राचे नायट्रेट, अमोनियम आणि अमाइड असे प्रकार पाडतात. अमाइड म्हणजे युरियातला नत्र, आणि त्याला इंग्रजीत सर्रास ऑर्गॅनिक म्हटले जाते. युरियाच्या रेणूत कार्बन आहे, म्हणून रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो ऑर्गॅनिकच. तो कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो, म्हणून शेतीच्या हिशेबाने तो ऑर्गॅनिक नाही. मराठीने दोन्ही हिशेबांना ‘सेंद्रिय’ हे एकच नाव दिले आणि भांडण इंग्रजीतून जसेच्या तसे आपल्या दारात आणून ठेवले.

हिंदीने तसे केले नाही. तिथे रसायनशास्त्रातले ते कार्बनिक आणि शेतीतले ते जैविक. युरिया कार्बनिक यौगिक आहे आणि जैविक खेतीत चालत नाही, हे हिंदीत सांगताना कुणाचाही गोंधळ होत नाही. गुजरातीत शेती ‘सजीव’ असते. कन्नडने ‘सावयव’ हा शब्द घेतला, म्हणजे अवयव असलेली. तेलुगूत मात्र आपल्यासारखीच सेंद्रिय शेती आहे. युरोपातही एकमत नाही. इंग्रजी जिथे ऑर्गॅनिक म्हणते तिथे फ्रेंच जैविक म्हणते, स्पॅनिश बहुतेकदा पर्यावरणीय म्हणते आणि जर्मनमध्ये दोन्ही चालतात. एकाच तऱ्हेच्या शेतीला इतकी वेगवेगळी विशेषणे लागली, कारण ‘ऑर्गॅनिक’ हे त्या शेतीचे वर्णन नाही. ती एक उपमा होती आणि प्रत्येकाने ती आपापल्या परीने सोडवली.

मराठीने उपमा न सोडवता शब्दच सोडवला. ऑर्गन म्हणजे इंद्रिय. ऑर्गॅनिक म्हणजे इंद्रियांसह असलेले, म्हणून सेंद्रिय. इनऑर्गॅनिक ते निरिंद्रिय. हे शब्द कुणी टेबलाशी बसून नव्याने घडवले असतील असे वाटते, पण ही जोडी फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात ती येते: ‘सेन्द्रियं चेतनं द्रव्यं निरिन्द्रियमचेतनम्’. इंद्रिये असलेले द्रव्य चेतन आणि नसलेले अचेतन.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बर्झेलियसने रसायनांची जी विभागणी मांडली तिला हे माप अगदी चपखल बसते. सजीवांच्या शरीरात बनणारी संयुगे वेगळी आणि खनिजे वेगळी. पहिल्या प्रकारची संयुगे बनायला प्राणशक्ती लागते, ती प्रयोगशाळेत बनत नाहीत, असा तेव्हाचा समज होता. मग 1828 मध्ये फ्रीडरिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या खनिज गटातल्या मानल्या जाणाऱ्या क्षारापासून जे स्फटिक मिळवले ते युरियाचे निघाले. तोवर युरिया सजीवांच्या शरीरातूनच, मुख्यतः मूत्रातून मिळत असे. मूत्रपिंडाशिवाय, माणूस किंवा कुत्रा यांच्यापैकी कुणाचीही गरज न पडता मला युरिया बनवता येतो, अशा अर्थाचे पत्र त्याने बर्झेलियसलाच लिहिले. त्यानंतरच्या काही दशकांत ‘ऑर्गॅनिक’मधून जीव निघून गेला आणि कार्बन उरला. शब्द तोच राहिला, अर्थ खालून सरकला.

काकांनी ज्या पदार्थावर बोट ठेवले त्याच पदार्थावर हा शब्द दोनशे वर्षांपूर्वी फुटला होता. मला हे फार आवडले, पण पुस्तिकेत ते घालण्यासारखे नव्हते.

शालेय मराठीने यातून आपली वाट काढली आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धड्याचे नाव ‘कार्बनी संयुगे’ असे आहे. म्हणजे रसायनशास्त्राने सेंद्रिय शब्दावरचा ताबा बराचसा सोडला आहे. राहिले आहे ते शेतीचे घर.

शेतीत हा शब्द आला तोही वळसा घेऊन. ‘ऑर्गॅनिक फार्मिंग’ हा शब्दप्रयोग 1940 मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी रूढ केला. त्यांच्या डोक्यात कार्बनही नव्हता आणि शेणखतही नव्हते. शेत हा एक जिवंत देह आहे, त्याचे अवयव एकमेकांवर जगतात, ही ती कल्पना. (आपल्याकडे साहित्याचे समीक्षक कलाकृतीच्या सेंद्रिय एकतेबद्दल बोलतात, तो हाच अर्थ. शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तो परीक्षेपुरता पाठ करावा लागतो.) नॉर्थबोर्न यांच्या आधीच या शेतीचे प्रत्यक्ष काम होळकरांच्या इंदुरात झाले होते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या संशोधन संस्थेत पिकांचा कचरा, शेण आणि माती थरांनी रचून खत कुजवण्याची पद्धत बसवली. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. 1931 मध्ये त्यावर जे पुस्तक निघाले त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. कंपोस्टवर बोलताना हॉवर्डचे नाव सगळे घेतात, वाडांचे फारसे कुणी घेत नाही.

आता पुस्तिकेकडे. पहिली सूचना गटाकडूनच आली: सरळ ‘जैविक’ लिहू या. कारण साधे होते. अन्नपदार्थांच्या वेष्टनावर एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2017 मध्ये जो लोगो आणला त्यावर ‘जैविक भारत’ असे शब्द आहेत. डाळिंबाच्या खोक्यावर उद्या जैविक छापले जाणार आणि पुस्तिकेत सेंद्रिय, हे बरे दिसेल का?

मला जैविक नको होते, आणि तेही भाषेच्या सोवळ्यापायी नव्हे. मराठी शेतीच्या बोलण्यात जैविक हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. रायझोबियम, अझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची पाकिटे म्हणजे जैविक खते. ट्रायकोडर्मा ही बुरशी म्हणजे जैविक बुरशीनाशक. परोपजीवी कीटक सोडून अळी आटोक्यात आणणे म्हणजे जैविक कीड नियंत्रण. इंग्रजीत इथे बायो आणि बायोलॉजिकल असते, ऑर्गॅनिक नसते. खत नियंत्रण आदेशातही 2006 पासून बायोफर्टिलायझर आणि ऑर्गॅनिक फर्टिलायझर यांची परिशिष्टे वेगळी आहेत. जिवाणूंचे पाकीट आणि कंपोस्टची गोणी यांना कायदा वेगवेगळी मापे लावतो: पहिल्यात जिवंत जिवाणूंची संख्या मोजतो, दुसऱ्यात कर्ब (कार्बन), ओलावा, जड धातू वगैरे. दोन्हींना जैविक खत म्हटले तर दुकानदार जे पुढे करील ते घ्यावे लागेल. शिवाय जैविक खत वापरणारा शेतकरी युरियाही टाकू शकतो, आणि पुष्कळ जण टाकतातही. त्यांची शेती जैविक झाली का?

दुसरी सूचना ‘नैसर्गिक’ची. ही तर आणखी अडचणीची. मराठी मुलखात नैसर्गिक शेती म्हटले की सुभाष पालेकरांचे नाव येते. विदर्भातले पालेकर, 2016 चे पद्मश्री, जीवामृत आणि बीजामृत ही शेण-गोमूत्राची मिश्रणे घरोघरी पोचवणारे. त्यांनी रासायनिक शेतीइतकीच टीका सेंद्रिय शेतीवरही केली आहे; बाहेरून ढिगाने कंपोस्ट आणणे, गांडूळखत विकत घेणे त्यांना मान्य नाही. त्यांच्या शिबिराला जाऊन आलेल्या माणसासमोर सेंद्रिय आणि नैसर्गिक हे समानार्थी म्हणून ठेवले तर तो वाद घालणार, आणि त्याचेच बरोबर असेल. सरकारी पाट्यांवर मात्र हे शब्द सहज जागा बदलतात. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 2018 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू झाले. पुढे त्याचा राज्यभर विस्तार झाला तेव्हा नावातले जैविक जाऊन नैसर्गिक आले. जे केंद्राच्या योजनांच्या भाषेत चालू असते ते राज्याच्या पाटीवर उतरते. पुस्तिकेने त्यामागे धावण्यात अर्थ नव्हता, कारण डाळिंबाचे प्रमाणपत्र ज्या नियमांखाली मिळणार होते ते 2001 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे नियम, अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या देखरेखीखालचे. तिथे शब्द ऑर्गॅनिकच आहे.

‘विषमुक्त’ हा शब्द बायकांच्या बचत गटाकडून आला. ऐकायला तो सगळ्यांत चांगला आणि विकायला सगळ्यांत सोपा. पण तो निकालाचे आश्वासन देतो. प्रमाणपत्र निकालाचे नसते, पद्धतीचे असते: काय टाकले, काय टाकले नाही, नोंदी कुठे आहेत, शेजारच्या बांधावरून फवारा उडतो का. डाळिंबासारख्या बहुवर्षायू झाडांना पहिला सेंद्रिय तोडा धरण्याआधी सहसा किमान तीन वर्षे अशी काढावी लागतात. त्या काळात फळात विषाचा अंश सापडला नाही तरी ते फळ सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. हा फरक विषमुक्त शब्दात मावत नाही.

आणि जसेच्या तसे ‘ऑर्गॅनिक’? गावात तो शब्द सगळ्यांना येतो. पण त्याचा गावातला अर्थ ‘पुण्या-मुंबईत महाग विकले जाणारे’ असा झाला आहे, आणि तो अगदीच चुकीचा आहे असेही म्हणवत नाही.

म्हणजे फिरून सेंद्रियवरच आलो. मग काकांच्या प्रश्नाचे काय? इथे मी एक साधी युक्ती वापरली. पुस्तिकेत जिथे जिथे ऑर्गॅनिक आले होते तिथे समासात लिहिले की या वाक्यात याचा विरुद्धार्थी शब्द कोणता. शब्दकोशातला नव्हे, त्या वाक्यातला. माती परीक्षणाच्या प्रकरणात विरुद्ध बाजूला चुनखडी होती. सांगोल्याच्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या; त्यांत कार्बन असतो, पण तो खडकाचा, पिकाच्या उपयोगाचा नाही. म्हणून अहवालात सेंद्रिय कर्ब वेगळा मोजतात आणि त्याला 1.724 ने गुणून सेंद्रिय पदार्थांचा अंदाज काढतात. तो कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर जमीन कमी दर्जाची धरली जाते, हे गटातल्या बहुतेकांना तोंडपाठ होते. इथे सेंद्रिय शब्द पक्का: कुजलेल्या जिवापासून आलेला.

खतांच्या प्रकरणात विरुद्ध बाजूला रासायनिक खत होते. इथेही सेंद्रिय ठीक. नत्राच्या तक्त्यात विरुद्ध बाजूला नायट्रेट आणि अमोनियम होते, म्हणजे रसायनशास्त्रातले इनऑर्गॅनिक. तिथे सेंद्रिय काढून ‘अमाइड नत्र (युरिया)’ लिहिले. तेवढ्या एका बदलाने काकांचा प्रश्न मिटला. ‘कार्बनी’ लिहावे असे क्षणभर वाटले होते, पण ज्यांची दहावी जुन्या पुस्तकावर झाली त्यांना तो शब्द ओळखीचा नाही आणि तक्त्याला त्याची गरजही नव्हती.

या टिपणांतून एक गोष्ट लक्षात आली. शेतकरी सेंद्रियच्या उलट निरिंद्रिय कधीच म्हणत नाही. ‘निरिंद्रिय शेती’ असे कुणी म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. तो ‘रासायनिक’ म्हणतो. आणि खरी फसगत तिथे होती.

इंग्रजी पुस्तिकेत एक वाक्य वारंवार येत होते: सिंथेटिक रसायने वापरू नयेत. मसुद्यात त्याचे ‘कृत्रिम रसायने’ असे झाले होते, ते वाचताना कुणाला अडखळायला होत नव्हते. पण वाचनाच्या वेळी पाहिले तर प्रत्येक जण कृत्रिम हा शब्द गिळून टाकत होता. मराठी कानाला रसायन म्हणजेच कृत्रिम. ‘कृत्रिम रसायन’ हे पिवळ्या पीतांबरासारखे. विशेषण फुकटचे वाटते आणि गळून जाते. उरते ते ‘रसायने वापरू नयेत’. हे वाक्य खोटे आहे.

डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. छाटणीनंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, अस्सल रसायन, आणि रसायनशास्त्राच्या भाषेत निरिंद्रिय. तरीही सेंद्रिय शेतीच्या नियमांत तांब्याची अशी मिश्रणे मर्यादा घालून, प्रमाणीकरण संस्थेला विचारून चालतात. गंधकही चालतो. उलट क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके रसायनशास्त्राच्या भाषेत सेंद्रिय, नावातच ऑर्गॅनो आहे, आणि सेंद्रिय शेतीत ती पूर्ण वर्ज्य. म्हणजे निरिंद्रिय ते चालते आणि सेंद्रिय ते चालत नाही. मसुदा जसाच्या तसा छापला असता तर गटातल्या पापभीरू शेतकऱ्याने बोर्डो बंद केले असते आणि तेल्याने त्याची बाग बसली असती. दुसऱ्या कुणी दुकानातल्या ऑर्गॅनो नावावर भरवसा ठेवून भलतेच फवारले असते.

पुस्तिकेत म्हणूनच सगळ्यांत जास्त वेळ ‘सिंथेटिक’वर गेला. ‘संश्लेषित’ हा पारिभाषिक शब्द बरोबर आहे, पण तो वाचून कुणी हात आखडता घेईल असे वाटेना. ‘मानवनिर्मित’ म्हटले तर बोर्डोही माणूसच ढवळतो. ‘कारखान्यात बनवलेले’ म्हटले तर मोरचूदही कारखान्यातूनच येतो. मूळ इंग्रजी शब्दही याहून फार नेमका नाही, तिथले नियमही शेवटी यादीवरच विसावतात. म्हणून एका शब्दात पकडायचा नाद सोडला. नियमाचे वाक्य असे झाले: ‘यादीत दिलेल्या निविष्ठाच वापराव्यात. यादीत नसलेले कोणतेही खत किंवा औषध, मग त्याच्या डब्यावर सेंद्रिय, जैविक, ऑर्गॅनिक, हर्बल काहीही लिहिलेले असो, विचारल्याशिवाय वापरू नये.’ आणि त्यापुढे दोन स्तंभ: चालणारी रसायने, न चालणारी रसायने. ‘चालणारी रसायने’ या शीर्षकावर प्रशिक्षक नाखूश होते. सेंद्रियच्या पुस्तिकेत हे शब्द शोभत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शीर्षक राहिले, कारण गटातल्या बायकांनी तो स्तंभ पहिल्यांदा वाचला आणि त्यातल्या चुन्याकडे बोट दाखवून विचारले, हे रसायन असतं होय? हो, असतं.

‘ऑर्गॅनिक पेस्टिसाइड’ हा शब्दप्रयोग तेवढा नीट सुटला नाही. मूळ लेखकाने तो निंबोळी अर्क, दशपर्णी, ट्रायकोडर्मा आणि गंधक अशा सगळ्यांना मिळून वापरला होता. मराठीत वनस्पतीचा अर्क, मित्रबुरशी आणि खनिज यांना एक नाव नाही, आणि नाही ते बरेच आहे. मी तिथे तीन नावे वेगवेगळी लिहिली. वाक्य लांबले आणि मूळ लेखकाची सोय गेली.

खोक्यावरच्या मजकुरावर शेवटची बैठक झाली. मराठी बाजूला ‘सेंद्रिय डाळिंब’, लोगोवर जे आहे ते, म्हणजे ‘जैविक भारत’. दोन शब्द शेजारी शेजारी आले तर गिऱ्हाईक विचारील, हे ओळखून मसुदा करणाऱ्या त्या पदवीधर मुलाने एक ओळ सुचवली आणि ती तशीच घेतली: ‘सेंद्रिय आणि जैविक हे दोन्ही शब्द इथे एकाच प्रमाणपत्राबद्दल आहेत.’ प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ही ओळ, तो लोगो आणि सेंद्रिय हा शब्द, तिन्ही खोक्यावर छापायचे नाहीत, हेही त्याच बैठकीत ठरले. तोवर नुसते ‘सांगोल्याचे डाळिंब’.